मदत हवी आहे : डिस्नीलँडचा वार्षिक पास दीडपट महागला आहे, आणि नातू तीन वर्षांचा झाला. नूतनीकरण करावे का?

नमस्कार. मी परभणीची. टपाल खात्यातून निवृत्त होऊन मला चार वर्षे झाली. माझी मुलगी, जावई आणि दोन नातवंडे कॅलिफोर्नियात अर्वाइन येथे राहतात. अनाहाइमचे डिस्नीलँड त्यांच्या घरापासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर आहे. मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात अशा तिघांकडे तिथला वार्षिक पास आहे. त्याला ‘मॅजिक की’ म्हणतात. हा पास २८ डिसेंबर २०२४ ला संपतो. तो पुन्हा घ्यावा की सोडून द्यावा, यावर महिनाभर फोनवर बोलणे चालू होते. शेवटी मुलीने हिशेब माझ्याकडे सोपवला, कारण मी नोकरीभर बचत खात्याच्या खिडकीवर बसून लोकांचे हप्तेच मोजले. हिशेब मी मांडला आहे. पण तो मांडल्यावर जे प्रश्न उरले त्यांची उत्तरे तिकडे राहणाऱ्या किंवा मुलांकडे नेहमी जाऊन येणाऱ्या मंडळींकडेच मिळतील, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

२०२४ च्या अखेरीस पासचे चार प्रकार होते : इमॅजिन, एन्चांट, बिलीव्ह आणि इन्स्पायर. आमच्या मुलीकडे दुसऱ्या पायरीचा, म्हणजे एन्चांट आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा एन्चांट ६४९ डॉलरला होता. २०२२ मध्ये तो ६९९ झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये ८४९, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ९७४. तीन वर्षांत दीडपट. सर्वांत स्वस्त असलेला इमॅजिनही ३९९ वरून ५९९ वर गेला, तोही दीडपटच. शिवाय तो फक्त दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना मिळतो आणि त्यात प्रवेश बंद असलेले दिवस सर्वांत जास्त असतात. इन्स्पायर तेव्हा १,७४९ डॉलरचा होता, त्याचा आम्ही विचारही केलेला नाही.

दरवाढीइतकीच मोठी गोष्ट म्हणजे नातवाचा वाढदिवस. डिस्नीलँडमध्ये तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, त्यामुळे आतापर्यंत तो बाबागाडीत बसून फुकट जात होता. नोव्हेंबरात त्याला तीन वर्षे पूर्ण झाली. एका दिवसाच्या तिकिटात तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना थोडी सवलत असते, परंतु पासमध्ये लहानमोठे असा भेद नाही. त्याच्यासाठीही पूर्ण ९७४ डॉलर मोजावे लागतील. वाढदिवसाला मुलीने दाराच्या चौकटीवर पेन्सिलने त्याच्या उंचीची रेघ ओढून मला फोटो पाठवला. रेघ ९४ सेंटिमीटरवर आहे. स्पेस माउंटन आणि बिग थंडर माउंटन या वेगवान गाड्यांत बसायला ४० इंच, म्हणजे जवळपास १०२ सेंटिमीटर उंची लागते. पैसे मोठ्या माणसाचे आणि मोठ्या गाड्यांत बसायला मिळणार नाही, हे मला मनातून पटत नाही.

मागच्या डिसेंबरात तीन पासांचे २,५४७ डॉलर भरले होते. या वेळी चार पासांचे ३,८९६ होतात. डिसेंबर २०२४ च्या भावाने ते तीन लाख तीस हजार रुपयांच्या वर जातात. माझा भाऊ पूर्णा तालुक्यात सोयाबीन करतो. २०२४-२५ चा क्विंटलला ४,८९२ रुपये हा हमीभाव धरला तरी एवढ्या पैशाला ६७ क्विंटलांहून अधिक सोयाबीन घालावे लागेल, आणि बाजारात हमीभावही मिळालेला नाही. ज्यांची कमाई डॉलरमध्ये आहे त्यांच्या खर्चाला रुपयांची फूटपट्टी लावू नये, हे मला मान्य आहे, आणि मुलीसमोर मी हा आकडा कधी काढला नाही. इथे लिहिते, कारण तो माझ्या डोक्यातून जात नाही.

आता पास वसूल कधी होतो ते पाहू. तिथे शेजारीशेजारी दोन उद्याने आहेत. २०२४ च्या अखेरीस एका दिवसाचे, एका उद्यानाचे तिकीट दिवसानुसार १०४ ते २०६ डॉलर होते. पुष्कळ लोक सर्वांत महाग तिकिटाशी तुलना करतात आणि पाच खेपांत पैसे फिटले असे म्हणतात. मला ही पद्धत चुकीची वाटते. तिकीट महाग असते ते सणासुदीच्या आणि सुट्ट्यांच्या दिवशी, आणि नेमके तेच दिवस एन्चांटला बंद असतात. ज्या दिवशी हा पास चालतो त्या दिवसाच्या तिकिटाशीच त्याची तुलना करायला हवी. स्वस्तातले १०४ डॉलरचे तिकीट धरले तर नव्या दराने दहाव्या खेपेला पास वसूल होतो. पासावर एकाच दिवशी दोन्ही उद्यानांत जाता येते, तिकिटावर त्यासाठी वेगळे पैसे पडतात. तेवढी सवड धरून मी आठ खेपा हा आकडा नक्की केला आहे.

वर्षभरात मुलगी आणि नात अकरा वेळा गेल्या, जावई मात्र पाचच वेळा. म्हणजे मायलेकींना एक खेप सुमारे ७७ डॉलरला पडली आणि जावयांना १७० डॉलरला. जावयांचा पास उघडउघड तोट्यात गेला. त्यांना सोडून तिघांचे पास घेतले तर २,९२२ डॉलर होतात. त्यांची पाच तिकिटे प्रत्येकी १३० डॉलरच्या हिशेबाने वेगळी काढली तर एकूण ३,५७२. म्हणजे बचत जेमतेम ३२४ डॉलरची. ते तीनच वेळा गेले तर ५८४ डॉलर वाचतात. पण बाबांना सोबत येण्यासाठी दर वेळी वेगळे तिकीट काढायचे म्हटले की ते हळूहळू येणेच सोडतील, अशी मुलीला धास्ती वाटते, आणि ती मला खोटी वाटत नाही.

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना पासचे पैसे बिनव्याजी मासिक हप्त्यांनी भरता येतात. त्यामुळे खर्च जाणवत नाही, असे जावई म्हणतात. आवर्ती ठेवीची पुस्तके मी इतकी वर्षे हाताळली आहेत, की हप्ता लहान दिसला म्हणून रक्कम लहान होत नाही, हे त्यांना मी प्रेमानेच सांगितले. शिवाय २०२४ मध्ये गाडी लावण्याचे दिवसाला ३५ डॉलर होते. पासधारकांना त्यात काही सूट आहे, तरी अकरा खेपांचा तो खर्च हिशेबात कोणी धरलाच नव्हता.

मग एवढे सगळे दिसत असताना मी सरळ ‘नको’ का म्हणत नाही, तेही सांगते. गेल्या मार्चमध्ये आम्ही दोघे तिकडे गेलो तेव्हा एक दिवसाचे तिकीट काढून डिस्नीलँड पाहिले. तिकिटाचे पैसे वसूल व्हायला हवेत म्हणून सकाळी दार उघडल्यापासून रात्रीची आतषबाजी संपेपर्यंत आम्ही थांबलो. ह्यांचे गुडघे पुढे आठवडाभर सुजलेले होते, आणि नात शेवटच्या दोन तासांत फक्त रडली. पासवर जाणे अगदी निराळे असते. मुलगी कधी कधी शाळा सुटल्यावर दोन्ही मुलांना घेऊन दोन-अडीच तासांसाठी जाते. आमच्याकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात, मी चहा ठेवत असते आणि फोन वाजतो. गेल्या महिन्यात असाच फोन आला तेव्हा नात बाकावर बसून धपाटे खात होती (घरचे खाणे आत नेता येते, फक्त काचेची बाटली चालत नाही), आणि धाकटा ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या होडीतून दुसऱ्यांदा जाऊन आला होता. आणखी काही बघायचे राहिले असे कोणाच्या तोंडावर नव्हते. धपाटे संपले, आगगाडीची एक फेरी झाली आणि ते घरी निघाले. दिवसाच्या तिकिटावर असे कोणी जाऊ शकत नाही. मुलगी दिवसभर दोन मुलांना एकटीने सांभाळते, तिचा हा विसावा आहे, आणि त्याची किंमत मला माझ्या वहीत मांडता येत नाही.

मला विचारायचे आहे ते असे. ज्यांनी दरवाढीनंतर पास सोडला, त्यांच्या मुलांनी काही दिवसांत दुसरीकडे मन रमवले, की पुढे पुन्हा पास घ्यावा लागला? तीन वर्षांच्या मुलासाठी पूर्ण पास घेणे कोणाला खरोखर परवडले आहे का? आणि प्रवेशासाठी आधी दिवस आरक्षित करावा लागतो, तो आदल्या रात्रीपर्यंत रद्द न करता नव्वद दिवसांत तीन वेळा चुकवला तर तीस दिवस नवे आरक्षण करता येत नाही. लहान मुलांना सकाळी अचानक ताप येतो तेव्हा आपण हा नियम कसा सांभाळता? आम्ही दोघे फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहोत आणि जुलैपर्यंत राहणार आहोत. आमच्या फार तर तीन-चार खेपा होतील, म्हणून आमच्यासाठी पास नको, हे मी ठरवून टाकले आहे.

प्रतिसाद १ (मूळ गाव अंबाजोगाई, सध्या लॉस एंजेलिसजवळ)

काकू, तुमची आठ खेपांची मांडणी मला पूर्ण पटली. आम्ही गेल्या वर्षी चौघांचे पास सोडले. पहिले दोन महिने मुलांनी विचारले, नंतर नाही. आम्ही त्याऐवजी बुएना पार्कच्या नॉट्स बेरी फार्मचा हंगामी पास घेतला. तो डिस्नीच्या तुलनेत फारच स्वस्त आहे, आणि तिथल्या कॅम्प स्नूपी भागात तुमच्या नातवाच्या उंचीच्या मुलांसाठी पुष्कळ गोष्टी आहेत. शाळा सुटल्यावर दोन तास जाऊन येणे तिथेही होते. डिस्नीपासून ते फार दूर नाही. डिस्नीसाठी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना वर्षाच्या सुरुवातीला तीन दिवसांचे सवलतीचे तिकीट मिळते, त्याची वाट पाहावी. नेहमीचे अनेक दिवसांचे तिकीट पहिल्या वापरापासून तेरा दिवसांत संपवावे लागते, सवलतीच्या तिकिटाचे दिवस मात्र मुदतीत सुटेसुटे वापरता येतात. तुम्ही आणि काका रहिवासी नसल्यामुळे ही सवलत तुम्हाला लागू होणार नाही, एवढे लक्षात ठेवावे. आरक्षणाबाबत म्हणाल, तर मुलाला थोडी जरी कणकण वाटली तरी आम्ही रात्री झोपण्यापूर्वीच ते रद्द करत होतो.

प्रतिसाद २

काकू, एक सावधगिरीची सूचना. नव्या पासांची विक्री मध्येच थांबवली गेल्याचे यापूर्वी घडले आहे, आणि त्या काळातही जुन्या पासधारकांचे नूतनीकरण चालू होते. पास एकदा सोडला की हवा तेव्हा परत मिळेलच, असे धरून चालू नये. जुलै २०२५ मध्ये डिस्नीलँडला सत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, त्यामुळे मागणी वाढेल असे मला वाटते.

मूळ लेखिका

ताई आणि दादा, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री मुलीशी तासभर बोलले. नॉट्सचे नाव तिला ठाऊक होते, पण नातवाच्या उंचीच्या दृष्टीने तिने कधी पाहिले नव्हते. येत्या शनिवारी ते चौघे तिथे एक दिवस जाऊन बघणार आहेत. नातवाचा डिस्नीचा पास या वर्षी घ्यायचा नाही, यावर आमचे एकमत झाले आहे. जावयांनी स्वतःहून आपला पास सोडतो असे सांगितले, आणि सवलतीचे तिकीट निघाले की स्वतःसाठी आणि मुलासाठी तेच घेणार आहेत. राहिले मायलेकींचे दोन पास, १,९४८ डॉलरचे. विक्री बंद होण्याच्या भीतीने ते २८ तारखेपूर्वी चालू ठेवावेत असे माझे मत आहे. पण मग शाळा सुटल्यावरच्या त्या दोन तासांत धाकट्याला घरी कोणाजवळ ठेवायचे, हा प्रश्न फेब्रुवारीपर्यंत तरी उभा आहे. त्यानंतर मी तिथे असेन. ज्यांच्या घरी एका मुलाकडे पास आणि दुसऱ्याकडे नाही अशी स्थिती आली होती, त्यांनी ती कशी निभावली, तेवढे कृपया या आठवड्यात कळवावे.