पोराच्या मानेला गाठी, ताप उतरेना. ग्रंथीज्वर म्हणजे काय?

औशाचा_बाप:
पोरगा लातूरला होस्टेलवर, बारावीचा क्लास. १२ दिवस झाले ताप. मानेला दोन्हीकडं बोराएवढ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरी साय, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करली तरी गिळवंना. आधी टायफॉइड म्हणून औषध दिलं, तर अंगभर लाल पुरळ उठलं. आता दुसरे डॉक्टर ग्रंथीज्वर म्हणायलेत. शेजारी टीबी म्हणायलेत, बायको रडायली. हे नेमकं काय? धाकटीला लागंल का?

उदगीरची_सिस्टर:
दादा, वहिनींना आधी गप करा. एपस्टाईन-बार विषाणूचं काम आहे हे. बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, कळतही नाही. ऐन जवानीत झाला की असा आडवा पाडतो. पसरतो थुंकीतून. होस्टेलात एकाच बाटलीला चौघं तोंड लावतात ना? लक्षणं ४ ते ६ आठवड्यांनी दिसतात, म्हणून कुणाकडून आला ते शोधत बसू नका. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. अमॉक्सिसिलिन दिलं असेल तर यात पुरळ उठतं. चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा.

नांदेडचा_पैलवान:
मलाबी झालता. प्लीहा सुजती, डाव्या बरगडीखाली. महिनाभर कबड्डी, कुस्ती, पाण्याचे हंडे बंद! तिथं एकदम कळ आली तर थेट दवाखाना.

औशाचा_बाप:
अमॉक्सिसिलिनच होतं. धाकटीचा तांब्या वेगळा केलाय, पण ती आधीच त्याचं उष्टं खाऊन बसली.

उदगीरची_सिस्टर:
खाऊ द्या. लहान आहे, झाला तर सर्दीवर निभावतं बहुधा.