मदत हवी आहे: देवराईलगतच्या जमिनीची निगा राखायला कुठे शिकता येईल?

नमस्कार मंडळी. भोर तालुक्यात आमची सामाईक सात एकर जमीन आहे. वर देवराई, खाली ओढा. विकायची नाही, रान म्हणूनच राखायची, हे भाऊबंदांना पटवायलाच तीन दिवाळ्या गेल्या. आता गावातल्या सात-आठ पोरांनाही या कामात तयार करायचंय.

खरी अडचण घाणेरीची (लँटाना, बाहेरून येऊन रानभर माजलेलं झुडूप). दोन वर्षं कोयत्याने छाटली, पावसानंतर दुपटीने फुटली. दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबूंची पद्धत वाचनात आली: खोड-मुळाच्या सांध्याच्या खाली, जमिनीत, मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं ठेवून वाळवायचं. पण हे चढावर कुणी करून पाहिलंय का? आमच्याकडच्या पावसात मोकळी झालेली माती थेट ओढ्यात जाते. लगेच स्थानिक गवत पेरलं तर धरून ठेवेल का? आणि बुलबुल बिया टाकतच राहणार, मग किती वर्षं मागे लागावं लागतं?

शाळेची मुलंही यायला लागलीत. शिक्षकांना वृक्षारोपणच हवं असतं, तेही गिरिपुष्पाचं (ग्लिरिसिडिया, परदेशी झाड)! माळावरच्या गवतात खड्डे नकोत हे सांगून घसा सुकतो. मुलांकडून दुसरं काय करून घेता?

जाळरेषा (वणवा अडवायला मोकळा केलेला पट्टा) काढणं, बिया गोळा करणं, रोपं वाढवणं हे हाताने करायला लावणारं दोन-तीन दिवसांचं शिबिर कुणी केलंय का? सर्टिफिकेट नको, जागेवर येऊन आमच्या चुका दाखवणारं माणूस हवं. राहण्या-जेवणाची सोय आमच्याकडे.