येझदी २५० पाव ते अर्ध्या थ्रॉटलला अडखळते: मदत हवी आहे
माझ्याकडे १९७८ ची येझदी मोटारसायकल असून कार्बोरेटर (हवा-पेट्रोलचे मिश्रण करणारा भाग) मूळचाच आहे. गाडी सहज सुरू होते, आयडलिंगही स्थिर राहते. मात्र कात्रजचा घाट चढताना पाव ते अर्ध्या थ्रॉटलदरम्यान इंजिन अडखळते आणि स्पार्क प्लगचे टोक पांढरट पडते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत असावे. टू-स्ट्रोक इंजिनाला हे धोक्याचे, पिस्टन जाम होऊ शकतो, म्हणून गाडी सध्या उभीच आहे. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे), पेट्रोलचा कॉक, फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या तरंगत्या भागाची) पातळी आणि इनटेकचे गॅस्केट तपासून झाले आहे. मेन जेट एक आकार मोठा लावूनही फरक पडला नाही. कार्बोरेटरमधल्या सुईची (थ्रॉटलबरोबर वर-खाली होऊन पेट्रोल कमी-जास्त करणारी) क्लिप मधल्या खाचेत आहे. कार्बोरेटर बदलायचा नाही. अशा वेळी क्लिप एक खाच खाली घेऊन सुई वर उचलावी, की आधी क्रँकच्या ऑइल सीलमधून हवा शिरत नाही ना, याची खात्री करावी, आणि ती इंजिन न उघडता कशी करता येईल?