अनुभव धागा : ब्रिटननं युनियन सोडली ते बरोबर केलं का? मराठवाड्यातून लिहा

धागाकर्ती, छत्रपती संभाजीनगर
२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी युरोपियन युनियन सोडायचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं. टीव्हीवरची चर्चा पुरे झाली. तुमच्या घरा-शेतापर्यंत, नोकरीपर्यंत जे पोचलं, ते सांगा.

नांदेडचा, आता लंडन
मी त्या दिवशी मत दिलंय, तेही भारतीय पासपोर्टवर. तिथं राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तो हक्क होता. शेजारच्या टेबलावरचा पोलिश सहकारी दहा वर्षं कर भरत होता, त्याला नव्हता. मी 'सोडा'समोर फुली मारली. आईचा व्हिसा दोनदा नाकारला होता, आणि युरोपातले लोक यायचे कमी झाले की आपल्याला दार उघडेल, असं प्रचारात सांगत होते. निकालाच्या सकाळी त्या पोलिश सहकाऱ्यानं विचारलं, "तू कुठं दिलंस?" मी खरं सांगितलं. तो काही बोलला नाही, चहा तसाच ठेवून उठला. पुढच्या वर्षी कुटुंब घेऊन परत गेला. आज ती फुली मी मारणार नाही.

धाराशिव
माझी आजी नव्वदीची आहे. तिचं माहेर निजामाच्या हद्दीत, बाजार मात्र बार्शीला, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. गाडीत शेंगांची पोती. शिपाई लोखंडी सळई खुपसून बघायचा, खाली काही लपवलंय का. येताना तिची आई नवं लुगडं जुन्यावर नेसूनच गाडीत बसायची. घडी दिसली की जकात! उन्हाळ्यात दोन लुगडी अंगावर, नाका ओलांडेपर्यंत सोडायची नाहीत. पैसेही दोन : इकडं निजामाचा हाली रुपया, तिकडं इंग्रजांचा कलदार, सहा कलदारला सात हाली. सराफ मधे आपलं काढून घ्यायचाच.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. आमच्या घरात मुक्ती म्हणजे जोडलं जाणं. म्हणून ब्रिटनमधले लोक नाके परत उभे राहतील हे दिसत असताना त्यालाच स्वातंत्र्य म्हणत होते, ते ऐकून पोटात कालवलं.

लातूर
धाराशिवकर, आजींना नमस्कार. पण मी सोडणाऱ्यांच्या बाजूचा. आपण १९६० ला महाराष्ट्रात विनाअट आलो. अनुशेष मोजता मोजता पिढ्या गेल्या. १९९४ ला विकास मंडळ मिळालं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. निर्णय लांब कुठंतरी होतात आणि आपल्याला फक्त कळवले जातात, ही चीड मी जगलोय. लिंकनशायरमधल्या बोस्टन गावात ७५ टक्क्यांवर लोकांनी 'सोडा' म्हटलं. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. महाराष्ट्र सोडा असं मी कधीच म्हणणार नाही, पण त्यांचा तो हक्क होता आणि त्यांनी तो वापरला.

जालना, द्राक्ष बागायतदार
मी थोडक्यात लिहितो, छाटणी चालू आहे. आधी रॉटरडॅमला उतरलेला कंटेनर तिथून ब्रिटनला बिनबोभाट जायचा. २०२१ पासून मधे सीमा आली, ब्रिटनचे कागद वेगळे. आमचा निर्यातदार आता माल भरायच्या आधीच विचारतो, "युरोप का इंग्लंड?" एकदा युरोपला ठरलेला माल ऐनवेळी इंग्लंडला वळवायचा झाला. कागद नवे होईस्तोवर पेट्या चार दिवस शीतगृहात पडून. देठ हिरवे होते, ते तपकिरी पडले. दर पाडून मागितला, आणि मी दिला.