दाखल्यातील प्रत्येक पात्राला अर्थ असलाच पाहिजे का?

चरईकर (धागालेखक):

ठाण्यात आमच्या चरईतील एका घरी दर रविवारी बायबल-वाचनाची बैठक भरते. गेल्या वेळी चांगल्या शोमरोन्याचा दाखला होता. (शेजारच्या शाळकरी मुलाला ‘दाखला’ म्हटले की तहसीलदार कचेरीच आठवते, इथे अर्थातच येशूने सांगितलेली दृष्टांतकथा अभिप्रेत आहे.) यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या एका माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात, याजक आणि लेवी (दोघेही यहुदी मंदिराचे सेवक) त्याला पाहून पलीकडच्या बाजूने निघून जातात आणि ज्यांच्याशी यहुद्यांचे वैर, त्या शोमरोन्यांपैकी एक जण थांबतो, जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो व तिथल्या मालकाला दोन दिनार देतो, एवढी ती कथा. ती वाचून होताच एका सदस्याने सर्वांना एक छापील तक्ता वाटला. एका रकान्यात पात्रे, दुसऱ्यात त्यांचे अर्थ: माणूस म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान व त्याचे दूत, याजक आणि लेवी म्हणजे जुना करार, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे चर्च, तिचा मालक म्हणजे येशूनंतरचा धर्मप्रचारक संत पौल.

हा अर्थ त्या सदस्याच्या मनचा नाही, तो संत ऑगस्टीन या प्राचीन धर्माचार्याचा आहे, आणि त्याच्याही आधी ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने जवळपास अशीच मांडणी केली होती, हे मला ठाऊक आहे. तरीही माझा आक्षेप आहे. ज्या शास्त्र्याच्या (यहुदी धर्मशास्त्राच्या पंडिताच्या) ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून येशूने ही गोष्ट सांगितली, त्याला पौल कुठून माहीत असणार? याजक, मग लेवी, अशी उतरती रांग लागल्यावर तिसरा कोणी साधा यहुदी येईल अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असणार, आणि नेमका तिथे शोमरोनी येतो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी राज्यकर्ता हिर्कानस याने गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोन्यांचे मंदिर पाडले होते. इतके जुने ते वैर. ‘या तिघांपैकी शेजारी कोण ठरला?’ असे येशू विचारतो, तेव्हा शास्त्री ‘शोमरोनी’ हा शब्दही उच्चारत नाही, ‘दया करणारा’ एवढेच म्हणतो. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त असे लिहून टाकले की त्या माणसाची जात, त्याच्याविषयीचा तिटकारा आणि शास्त्र्याचा अडखळलेला आवाज हे सगळे एका फटक्यात नाहीसे होते. ज्याची पूजा आपण आधीच करतो त्याच्याकडून मदत घेण्यात कसली अडचण?

वाशीची वाचक:

चरईकर, आपला रोष तक्त्यावर आहे की रूपकावर? तक्ता नीरस असू शकतो हे मला मान्य आहे. परंतु रूपक लावण्याची रीत ऑगस्टीनने बाहेरून आणलेली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) तेराव्या अध्यायात शिष्य निदणाच्या, म्हणजे गव्हात शत्रूने पेरलेल्या तणाच्या, दाखल्याचा अर्थ विचारतात आणि येशू स्वतः जवळजवळ तक्ताच देतो: चांगले बी पेरणारा तो मनुष्याचा पुत्र (म्हणजे स्वतः येशू), शेत हे जग, निदण हे त्या दुष्टाचे पुत्र, ते पेरणारा शत्रू हा सैतान, कापणी करणारे देवदूत. मालकाच्या मुलालाच मारणाऱ्या दुष्ट माळ्यांच्या दाखल्यातील द्राक्षमळा हा यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील द्राक्षमळा, म्हणजे इस्राएल आहे, हे तर ऐकणाऱ्या पुढाऱ्यांनाही तत्काळ कळले आणि म्हणूनच ते चिडले.

शोमरोन्याबद्दल एक शब्दाचा पुरावा देते. त्याला ‘कळवळा आला’ या अर्थाचे मूळ ग्रीक क्रियापद लूकने आपल्या शुभवर्तमानात तीनच ठिकाणी वापरले आहे: नाईन गावच्या विधवेला पाहून येशूला, रस्त्यावरच्या जखमी माणसाला पाहून शोमरोन्याला, आणि उधळ्या पुत्राला दुरून पाहून त्याच्या बापाला. असे असताना शोमरोन्याच्या चेहऱ्यात ख्रिस्त दिसणाऱ्याला आपण चुकीचे ठरवणार कसे?

ऐरोलीकर:

मी ख्रिस्ती नाही. जुन्या मराठी गद्याचा वाचक म्हणून लिहितो. चक्रधरस्वामींचे दृष्टांत केसोबासांनी संकलित केले, त्यात प्रत्येक ठिकाणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असे तीन भाग आहेत. दार्ष्टांतिक म्हणजे दृष्टांत ज्या गोष्टीला लावायचा ती गोष्ट. हत्ती आणि आंधळ्यांच्या दृष्टांतात शेपटीला हात लावणारा आंधळा म्हणजे अमुक पंथ, असे कोणी विचारत बसत नाही. याउलट एकनाथांच्या भारुडातील विंचू म्हणजे काम-क्रोध, हे भारूडच सांगते. तिथे श्रोत्याने कोडे सोडवायचे नसते. तेव्हा दृष्टांत आणि रूपक हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि येशूच्या कथांत दोन्ही दिसतात, असे मला वाटते. जर्मन अभ्यासक युलिखर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘एका दाखल्याचा एकच मुद्दा’ असा आग्रह धरला. त्याने पुष्कळ जळमटे झाडली हे खरे, पण वाशीकर म्हणतात ती निदणाची कथा त्या चौकटीत बसवताना त्यालाही येशूचे स्पष्टीकरण नंतरची भर मानावे लागले. सिद्धान्त वाचवण्यासाठी मजकूर कापावा लागणे हे काही चांगले लक्षण नव्हे.

कोर्टनाक्याचा वकील:

थोडे अवांतर, पण अगदीच नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आले, त्याचे शीर्षकच ‘गुड समॅरिटनचे (म्हणजे चांगल्या शोमरोन्याचे) संरक्षण’ असे आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. दाखल्यातील शोमरोन्यालाही नाव नाही. घोडबंदर रस्त्यावर रात्री गाडी थांबवणाऱ्याला तो कशाचे प्रतीक आहे हे माहीत असण्याची गरज नसते, म्हणून माझे मत चरईकरांच्या बाजूने.

कोपरीची:

मला या चर्चेत शोमरोन्यापेक्षा अन्यायी न्यायाधीश महत्त्वाचा वाटतो. देवाला न भिणारा, माणसांना न जुमानणारा न्यायाधीश, आणि न्यायासाठी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येऊन त्याला भंडावून सोडणारी विधवा. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला सरळ शिकवले गेले की न्यायाधीश म्हणजे देव आणि विधवा म्हणजे प्रार्थना करणारा भक्त. त्याच वर्षी माझी आजी आजोबांच्या पेन्शनसाठी एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होती. टेबलामागचा माणूस मान वर न करता ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायचा. देव तसाच आहे, असे मी कितीतरी वर्षे धरून चालले. पुढे स्वतः लूकचा अठरावा अध्याय वाचला तेव्हा कळले की तर्क उलटा आहे: असला माणूसदेखील शेवटी न्याय देतो, तर देव किती अधिक तत्परतेने देईल! तिथे न्यायाधीश हे देवाचे प्रतीक नाही, त्याच्या विरुद्ध टोकाला उभे केलेले माप आहे. पात्राला चुकीचा अर्थ चिकटवला की केवळ साहित्याचे नुकसान होत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

वाशीची वाचक:

कोपरीच्या ताई, आपला अनुभव वाचून मी थांबले. अर्थ लावताना गोष्ट कोणत्या दिशेने चालली आहे हे आधी पाहिलेच पाहिजे; अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्यातही मालक त्या लबाडाची वाखाणणी करतो, म्हणून लबाडी देवाला प्रिय ठरत नाही. पण चुकीचे प्रतीक टाळायचे म्हणून सगळीच प्रतीके टाळायची का? उरीयाची बायको बथशेबा बळकावणाऱ्या दावीद राजाला नाथान संदेष्टा एका श्रीमंताने पाहुण्यासाठी मारलेल्या, गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगतो आणि शेवटी ‘तो मनुष्य तूच आहेस’ म्हणतो. तेही पात्राला अर्थ देणेच आहे.

चरईकर:

नाथानाचे उदाहरण आपण दिले हे बरे झाले, कारण ते मलाच उपयोगी पडते. त्या गोष्टीत मारली जाते ती कोकरी. प्रत्यक्षात बथशेबा जिवंत राहिली आणि मारला गेला तो तिचा नवरा उरीया. श्रीमंताकडे आलेला पाहुणा कोण, हे नाथान सांगत नाही आणि दावीदही विचारत नाही. तक्ता करायला बसलो तर दुसऱ्याच ओळीवर अडतो. एकच बोट रोखले गेले, ते ऐकणाऱ्यावर, आणि तेवढ्याने राजा कोसळला.

कळवळ्याच्या क्रियापदाबद्दल मात्र मी माघार घेतो. ते तीन उल्लेख शेजारी ठेवून मी कधी वाचले नव्हते, आणि आता शोमरोन्यात ख्रिस्ताची चाहूल नाही असे ठामपणे म्हणणे मला जमणार नाही. पण उतारशाळेच्या मालकाला मी पौल होऊ देणार नाही. दोन दिनार म्हणजे मजुराची साधारण दोन दिवसांची मजुरी. पुढचा खर्च परत आल्यावर देईन, या एका परक्याच्या शब्दावर तो जखमी माणसाला ठेवून घेतो. त्याने होकार दिल्याचे एक वाक्यही कथेत नाही. हा माणूस मला माणूस म्हणूनच हवा आहे.

आणि वाशीकर, आपल्या निदणाच्या तक्त्यात एक जागा रिकामी आहे. ‘आम्ही जाऊन ते उपटून टाकू काय?’ असे धन्याला विचारणारे दास कोण, हे येशूनेही सांगितलेले नाही.

वाशीची वाचक:

ती जागा मी मुद्दामच रिकामी सोडली होती. मात्र उपटण्याची एवढी घाई कोणाला असते, हे आपला तक्त्यावरचा राग पाहून मला थोडेफार कळू लागले आहे.