कळलावीचा कंद आणि युरिक ॲसिडची गोळी : औषध एकच असेल तर कंद का घेऊ नये?

प्रश्न (चोपडा तालुका)
आमच्या आबांच्या पायाचा अंगठा अधूनमधून लालबुंद होऊन सुजतो आणि रात्री त्यावर पांघरुणाचा स्पर्शही त्यांना सोसवत नाही. युरिक ॲसिड वाढल्याचे सांगून डॉक्टरांनी कोल्चिसिनच्या ०.५ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या आहेत. सातपुड्याकडच्या एका जाणत्या गृहस्थांनी मात्र कळलावीचा कंद आणून दिला असून, त्याचा लेप लावावा आणि हरभऱ्याएवढा तुकडा गुळातून खायलाही द्यावा, असे ते सांगतात. गोळीतले औषध याच कंदात असते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे का?

उत्तर (औषधनिर्माणशास्त्राचा शिक्षक, जळगाव)
भाऊ, म्हणणे खरे आहे, पण तो तुकडा आबांच्या पोटात जाऊ देऊ नका, ही कळकळीची विनंती. कोल्चिसिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे तीव्र परिणामाचे रसायन, पेलेतिये आणि कावाँतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८२० मध्ये युरोपातील कोल्चिकम या वनस्पतीतून वेगळे केले. आपल्या कळलावीच्या कंदात आणि बियांतही तेच असते. अफूतील मॉर्फिनप्रमाणे ते वेदनेची जाणीव बोथट करत नाही. सांध्यात युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक साचले की पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात आणि सूज भडकते. कोल्चिसिन त्या पेशींतील ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटून त्यांची हालचाल रोखते, सूज ओसरते आणि मग ठणका थांबतो. मात्र पेशींच्या विभाजनालाही हेच प्रथिन लागत असल्यामुळे, मात्रा वाढली की जिथे पेशी सतत नव्याने तयार होतात त्या आतड्याच्या अस्तराला आणि अस्थिमज्जेला सर्वांत आधी इजा होते. गोळीतली मात्रा मोजलेली असते, कंदातली नसते, आणि आबा तर गोळी आधीच घेत आहेत. विषबाधा झाल्यास काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात आणि घरचे लोक पोट बिघडले असे समजून थांबतात. हे विष डायलिसिसनेही रक्तातून फारसे निघत नाही.

उत्तर (वैद्य, धुळे)
आयुर्वेदात ही वनस्पती लांगली या नावाने उपविषांत, म्हणजे सौम्य विषांच्या गटात मोडते आणि गोमूत्रात शोधन (विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया) केल्याशिवाय ती वापरत नाहीत. कच्चा कंद खायला देण्याला शास्त्राचा आधार नाही. लेपही वैद्याच्या देखरेखीखालीच लावावा, आणि कातडी फुटलेली असल्यास मुळीच लावू नये.

उत्तर (वनस्पतिशास्त्राची शिक्षिका, शहादा)
पावसाळ्यात कुंपणावर चढणारा, पानाच्या टोकाने आधाराला विळखा घालणारा आणि लाल-पिवळ्या नागमोडी पाकळ्यांचा हा वेल ओळखायला सोपा असतो. उकरून आणलेला कंद मात्र रताळे समजून खाल्ला गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. तो स्वयंपाकघरात ठेवू नका.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आबांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) थोडे वाढलेले आहे. गोळी तरी चालेल ना?

उत्तर (जळगाव)
हे डॉक्टरांना आजच कळवा, कारण मूत्रपिंड मंदावले असेल तर कोल्चिसिन शरीरात साचते आणि मात्रा कमी करावी लागते. खोकल्या-तापासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक कोणी लिहून दिले, तर ही गोळी चालू असल्याचे आधी सांगा. दोन्ही एकत्र घेतल्याने जीवावर बेतलेले आहे.