शॉटगन ६५० साठी एवढे पैसे मोजावेत का?

चोडणकार

मंडळी नमस्कार. मी राहतो चोडणला, कामाला पणजीत. रोज रायबंदरची फेरीबोट. हाताशी जुनी बुलेट ३५० आहे, ती आता थकली. रॉयल एनफिल्डची शॉटगन ६५० मनात भरली आहे, कंपनीनेच कस्टम करून, म्हणजे वेगळा घाट देऊन, विकलेली गाडी. शोरूममध्ये दोनदा बसून बघितली, मन हटत नाही.

अडचण किमतीची. जीएसटी वाढल्यापासून (३५० सीसीपर्यंत १८ टक्के, त्याच्यावर थेट ४०) तिची किंमत चार लाखांच्या आसपास गेली. वर रोड टॅक्स आणि विमा वेगळा. भावाचं म्हणणं असं, की त्याच कंपनीच्या इंटरसेप्टरलाही तेच ६४८ सीसीचं इंजिन आहे, ती घे, आणि वाचलेल्या पैशांत म्हापशाला नेऊन हँडल, सीट, रंग सगळं मनासारखं करून घे. एक मित्र म्हणतो गोअन क्लासिक ३५० घे, ती पण कंपनीनेच बॉबर (मागचा भाग आखूड, एकसीटी घाटाची) करून दिलेली आणि बरीच स्वस्त.

रोज मी एकटाच असतो. महिन्यातून एखाद्या रविवारी आई मागे बसते, म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायला. पैसे जमवलेले आहेत, कर्ज काढणार नाही. पण ‘कंपनीचं कस्टम’ म्हणून आपण नक्की कशाचे पैसे देतो, हे कोणी नीट सांगेल का?

टाकीपेंटर_म्हापसा

बाब, मी दुचाकींच्या टाक्या रंगवतो, पोटापाण्याचा धंदाच तो. तुमचा भाऊ म्हणतो ते काम माझ्यासारख्याकडेच येणार. तरी सांगतो, शॉटगन वेगळी आणि सजवलेली इंटरसेप्टर वेगळी.

गाडीसमोर उभे राहा आणि एकेका भागाकडे बोट करून विचारा, हे मला नंतर बाहेर करून घेता येईल का? रंग येईल. आरसे, ग्रिप, सीटचं कव्हर येईल. पण पुढचे ४३ मिमीचे उलटे शोवा फोर्क (पुढच्या चाकाचे शॉक) येणार नाहीत, इंटरसेप्टरला ४१ मिमीचे साधे आहेत. मागची सीट सबफ्रेमसकट (तिच्याखालच्या आधाराच्या सांगाड्यासकट) उतरवून गाडी एकसीटी करायची सोय तर मुळीच येणार नाही. ती सोय चासी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, बनवतानाच ठरवलेली असते.

आणि हे मी उगाच म्हणत नाही. बॉबर करायला म्हणून मागची फ्रेम ग्राइंडरने कापलेल्या गाड्या माझ्याकडे रंगाला येतात. वेल्डिंग कुठेतरी केलेलं, वर पुटी थापलेली, आणि मला सांगतात छान काळा मारून दे. आपल्याकडचा एक पावसाळा गेला की पुटीखालून गंज फुगून वर येतो. तेव्हा दिसतं, जोड आतपर्यंत भरलेलाच नव्हता. त्यावर माणूस बसतो, कधी त्याचं पोर बसतं. अशा जोडावर मी रंग मारत नाही, कितीही पैसे देवोत. तुमच्या भावाला हे जरूर वाचून दाखवा.

आता पैशांचं. आजच्या किमती वाढल्या आहेत, पण प्रमाण कळायला जानेवारी २०२४ चे एक्स-शोरूम आकडे घ्या. तेव्हा शॉटगन ३.५९ लाखांपासून होती आणि इंटरसेप्टर ३.०३ लाखांपासून. पण ३.०३ वाल्या इंटरसेप्टरला स्पोकची चाकं आणि ट्यूब. अलॉय हवी तर ३.२१ पर्यंत जात होती. म्हणजे खरा फरक साधारण अडतीस हजारांचा. त्यात फोर्क, ती चासी आणि वॉरंटी येते. मला तो रास्त वाटतो.

जो फरक मला रास्त वाटत नाही तो रंगाचा. तेव्हा सगळ्यांत साधा रंग ३.५९ ला आणि सगळ्यांत महाग ३.७३ ला. खालचा पत्रा तोच, इंजिन तेच, चौदा हजार फक्त रंगाला! नोव्हेंबर २०२३ मध्ये वागातोरच्या मोटोव्हर्समध्ये (रॉयल एनफिल्डचा मेळावा) हाताने रंगवलेल्या पंचवीस शॉटगन ४.२५ लाखांना जाहीर झाल्या होत्या. ते काम सुंदर होतं, त्या हातांना माझा मान आहे. पण ती गाडी जपून ठेवणाऱ्याची. रोज फेरीवर नेणाऱ्याची नव्हे.

वाळपईकर

पेंटरबाबनी जोडाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलला तरी आरसीवर नोंद लागते. अपघात झाला तर विमावाला आधी हेच बघणार. कंपनीकडूनच तशी आलेली गाडी या सगळ्यातून मोकळी. माझ्या मते चार लाखांतला मोठा भाग या निश्चिंतीचा आहे.

फोंड्याची_वैनी

आम्हा दोघांकडे रॉयल एनफिल्डचीच सुपर मीटिओर ६५० आहे, मी पण चालवते. माझी काळजी वेगळीच. शॉटगन २४० किलोची आहे. फेरीबोटीचा तो लोखंडी रॅम्प पावसात किती निसरडा होतो हे तुम्हाला सांगायला नको. चढताना मागून गाड्या घाई करतात, मध्येच थांबावं लागलं तर दोन्ही पाय पूर्ण टेकायला हवेत. सीट ७९५ मिमी उंच आहे. उंची बेताची असेल तर बूट घालून, पेट्रोल भरलेल्या गाडीवर बसून बघा. नुसतं शोरूमच्या गुळगुळीत लादीवर बसून काही कळत नाही.

शॉटगनचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) १४० मिमी आहे, इंटरसेप्टरची १७४. गावातले गतिरोधक आठवा, कुठलाही एकसारखा नाही. आई मागे असताना तर जास्तच.

आणि भाऊ, आईंना एकदा मागे बसवून टेस्ट राइड घ्या. चढताना पाय वर जातो का, हाताला धरायला काय मिळतं, ते त्यांनाच विचारा. आमच्या सासूबाईंनी दोन गाड्या अशाच नाकारल्या आणि त्यांचं बरोबर होतं.

चोडणकार

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला फ्रेमचं वाचून दाखवलं, तो गप्प झाला. वैनी, टेस्ट राइड आईला घेऊनच घेणार. पेंटरबाब, दोन प्रश्न. गोअन क्लासिकबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. आणि चोडणच्या खाऱ्या हवेत कुठला रंग टिकेल?

टाकीपेंटर_म्हापसा

गोअन क्लासिक वाईट नाही. ३४९ सीसी, १९७ किलो, सीट ७५० मिमी, म्हणजे फेरीवर सोपी. स्पोकची असून टायर ट्यूबलेस आहेत, ही मोठी सोय. पण २०२४ ला आली तेव्हा २.३५ लाखांपासून होती आणि क्लासिक ३५० दोन लाखांच्या आतून सुरू व्हायची. तुमच्या बुलेटमधून उतरून तिच्यावर बसलात तर ताकदीत काही मोठा फरक जाणवायचा नाही. तुमचं मन ६५० वर आहे हे तुमच्या लिहिण्यातूनच कळतं.

एक जुनी गोष्ट सांगतो, ती इथे लागू पडते. अमेरिकेत लोक गॅरेजमध्ये हार्ले कापून सजवायचे, ते बघून हार्ले कंपनीचे डिझायनर विली जी. डेव्हिडसन यांनी १९७१ मध्ये सुपर ग्लाइड काढली. मोठ्या गाडीची चासी, पुढचं टोक हार्लेच्याच लहान स्पोर्टस्टरचं हलकं. कंपनीने कस्टम करून विकायची वाट तिथून पडली. त्या गाडीला मागे नावेच्या आकाराची फायबरची सीट होती. ती लोकांना पटली नाही, कंपनीने लगेच काढून टाकली. चासीची कल्पना मात्र पुढे वर्षानुवर्षं चालली.

तेव्हा शॉटगनचा सगळ्यांत स्वस्त रंग घ्या. मॅट असेल तर त्यावर पॉलिश कधीही मारू नका, चकाकते डाग पडतात आणि ते जात नाहीत. चकचकीत असेल तर मे महिन्यात एकदा मेण लावा. फेरीवरून आल्यावर साध्या पाण्याने धुवा, सायलेन्सर थंड झाल्यावरच. खाली स्टँडचा जोड, सायलेन्सरचे ब्रॅकेट आणि नंबरप्लेटचे स्क्रू, गंज पहिला इथेच धरतो. तिथे तेलाचं बोट फिरवत राहा. आणि झाकायला प्लॅस्टिकचं कव्हर नको, आत घाम धरतो. सुती चादर चालेल.